हिमगौरी आणि सात बुटके (१९३७): हातानं काढलेल्या माणसांसाठी आपण का रडतो?

निळीशाई (धागा)

डिस्नेच्या हिमगौरीवर, म्हणजे १९३७ च्या 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स'वर, निवांत गप्पा व्हाव्यात म्हणून हा धागा काढतेय. खऱ्या नटनट्यांचा नवा चित्रपट आला तेव्हा सगळीकडे वादच वाद झाले, पण मूळचा हातानं काढलेला चित्रपट त्या गदारोळात बाजूलाच राहिला. तो मी पुन्हा पाहिला आणि एका प्रसंगापाशी अडकून बसले.

विषारी सफरचंद खाऊन हिमगौरी पडली आहे. चेटकीण कड्यावरून कोसळली आहे आणि तिच्यामागून गिधाडं घिरट्या घालत दरीत उतरली आहेत. लगेच पुढे झोपडीतला अंधार, मेणबत्त्या, निजवलेली हिमगौरी आणि भोवती बुटके. संवाद एकही नाही. हालचाल म्हणाल तर जेमतेम. कुणाच्या गालावरून थेंब घरंगळतो, कुणाची मान आणखी थोडी खाली जाते. सिनेमाभर कुरकुर करणारा ग्रम्पी तोंड फिरवतो आणि मग त्याला आवरत नाही.

हे ॲनिमेशन फ्रँक थॉमसचं. तेव्हा तो पंचविशीतला होता. तोवर कार्टूनमधली माणसं आपटायची, चपटी व्हायची आणि झटकून उठून उभी राहायची. लोकांना सात-आठ मिनिटं हसवणं हेच त्यांचं काम होतं. ८३ मिनिटं खुर्चीत बसलेला प्रेक्षक अशा चित्रांपैकी कुणाच्या मरणानं रडेल, यावर हॉलिवूडमध्ये फारसा कुणाचा विश्वास नव्हता. खर्चाचा पहिला अंदाज अडीच लाख डॉलरचा होता, तो जवळपास १५ लाखांवर गेला. डिस्नेनं घर गहाण टाकलं, बँक ऑफ अमेरिकेकडून कर्ज उचललं. चित्रपटधंद्यातले लोक या सगळ्याला 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणत होते. २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात पहिला खेळ झाला आणि याच दृश्याला प्रेक्षागृहातून हुंदके ऐकू आले. त्या प्रेक्षकांत चॅप्लिनही होता.

माझं म्हणणं असं आहे की या सिनेमातलं सगळं धाडस या एका दृश्यासाठी पणाला लागलं होतं. तंत्र, पैसा, गाणी, पशुपक्षी, सगळं. बुटक्यांच्या शोकावर प्रेक्षकानं विश्वास ठेवला नसता तर बाकीचं सगळं फुकट होतं. आणि तो विश्वास त्या दृश्यात तयार होत नाही, आधीच्या पाऊण तासात तो हळूहळू साठवलेला आहे. हात धुवायला लावल्यावरची टाळाटाळ, नाचगाणं, रात्री जागा मिळेल तिथं घोरणं, सकाळी कामावर निघताना रांगेत उभं राहून कपाळावर घेतलेले पापे. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत बुटक्यांना नावंच नाहीत, सातही जण एकसारखे बोलतात. इथं सातांची चाल वेगळी, बसणं वेगळं, लाजणं वेगळं. डोपी तर बोलतही नाही, तरी तो कोण आहे हे सगळ्यांत आधी कळतं.

याचं बीज १९३३ च्या 'थ्री लिटल पिग्ज'मध्ये आहे असं मला वाटतं. तिथं तीन डुकरं दिसायला जवळजवळ सारखी आहेत, पण स्वभावानं निराळी, आणि तो स्वभाव नुसत्या हालचालीवरून ओळखू येतो.

तुम्हाला या चित्रपटात काय दिसतं, काय खटकतं, सविस्तर लिहा.

---

सौदामिनी

काय सुंदर लिहिलंयस गं. रांगेतल्या पाप्यांचा प्रसंग आणि मेणबत्त्यांचा प्रसंग यांचा असा संबंध मी कधी लावला नव्हता.

माझा प्रश्न जरा घरगुती आहे. मुलगी पाच वर्षांची आहे. तिला दाखवावा का? राणीची चेटकीण होते ते दृश्य मला स्वतःला लहानपणी सोसलं नव्हतं. आणि जंगलातली ती झाडं!

---

शिसपेन्सिल

निळीशाईताई, मनापासून धन्यवाद. मी मुंबईत बरीच वर्षं टूडी ॲनिमेशनमध्ये काढली. सुरुवात क्लीन-अपला, मग इन-बिट्वीन, मग की. त्यामुळे या दृश्याबद्दल कारागिराच्या बाजूनं थोडं लिहितो.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम. ८३ मिनिटांचा हिशेब केला तर सुमारे १ लाख २० हजार फ्रेम होतात. एका फ्रेमसाठी बऱ्याचदा एकाहून जास्त चित्रं लागतात, कारण प्रत्येक पात्राचा सेल (चित्र उतरवायचा पारदर्शक पत्रा) वेगळा असू शकतो. मुख्य ॲनिमेटर महत्त्वाच्या पोझ काढतो, मधली चित्रं सहायक भरतात, मग रेघ साफ होते. कागद पेगबारवर (खुंट्यांच्या पट्टीवर) अडकवायचे, खालून दिवा, बोटांत तीन-चार कागद धरून फ्लिप करत बघायचं. सदतीस साली हे असंच होतं आणि आम्ही शिकलो तेव्हाही असंच होतं.

आता अवघड भाग. माणूस गप्प उभा राहिला तरी जिवंत दिसतो. चित्र थांबलं की त्याच क्षणी ते कागद होतं, पडद्यावर ते लगेच जाणवतं. म्हणून नवशिका ॲनिमेटर पात्राला सतत काहीतरी करायला लावतो, हात हलव, भुवया उडव. थॉमसनं इथं उलटी वाट धरली. पोझ जवळजवळ थांबवली, पण पुरती थांबवली नाही. डोकं केसभर खाली जातं, खांदा किंचित उचलला जातो. या केसभर अंतरात बसवलेली मधली चित्रं काढणं म्हणजे डोळ्यांची आणि मनगटाची परीक्षा. दोन रेघांमध्ये तिसरी रेघ मावायला जागाच नसते आणि ती चुकली की पात्र थरथरायला लागतं. दुःखानं गप्प झालेला माणूस काढायचा आणि तो थरथरू द्यायचा नाही, हे करून बघितल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

तुम्ही पाप्यांचा उल्लेख केलात, तर तिथला ग्रम्पी नीट बघा. तो ॲनिमेटर बिल टिट्लाचा. हिमगौरी त्याच्या टकलाचा पापा घेते, तो फणकाऱ्यानं निघतो, चार पावलं जाईपर्यंत चेहरा विरघळतो, मग भानावर येऊन पुन्हा आठ्या घालतो. तीन भावना, आणि मधे कुठेही सांधा दिसत नाही. आमच्या सरांनी आम्हाला हा तुकडा एकेक फ्रेम पुढे सरकवत दाखवला होता.

@सौदामिनी, पाच वर्षांच्या मुलीला एकटीला नका दाखवू, मांडीवर घेऊन दाखवा.

---

काळंअरण्य

चित्रपटाच्या कौतुकात मीही आहे, पण ग्रिमची गोष्ट फार सौम्य झाली हे माझं जुनं दुःख आहे.

१८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ती राणी सावत्र आई नाहीच, सख्खी आहे. १८१९ पासून ग्रिम बंधूंनी तिला सावत्र केलं. मुलीचं वय तिथं सात वर्षं. राणी शिकाऱ्याकडून मुलीचं फुफ्फुस आणि यकृत मागवते आणि मीठ घालून शिजवून खाते (ते असतं रानडुकराचं, हे तिला ठाऊक नसतं). सिनेमात त्याची एक पेटी झाली आणि पेटीत हृदय. राणी बुटक्यांच्या घरी तीनदा वेष पालटून येते. पहिल्यांदा चोळीची नाडी आवळून मारू बघते, दुसऱ्यांदा विषारी फणी, तिसऱ्यांदा सफरचंद. पहिल्या दोन्ही वेळी बुटके घरी येऊन मुलीला वाचवतात. तिसऱ्यांदा त्यांना कारण सापडत नाही, म्हणून ते हरतात. ही रचना मला फार मोठी वाटते. सिनेमानं दोन फेऱ्या कापल्या आणि बुटक्यांची हार हलकी केली.

शेवटही बदलला. मूळ गोष्टीत चुंबनबिंबन काही नाही. नंतरच्या आवृत्त्यांत राजपुत्राचे नोकर काचेची पेटी नेताना अडखळतात, हिसक्यानं घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती उठते. चुंबन आलं ते झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीतून. आणि राणी मरते ती लग्नात, तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून नाचता नाचता.

हे सगळं पडद्यावर दाखवा असं म्हणत नाही. पण त्या गोष्टीत जे भय आणि न्याय आहे त्याची धार गेली.

---

निळीशाई

@काळंअरण्य, तीन फेऱ्यांबद्दलचं म्हणणं मला पटतं आणि तरी डिस्नेची निवड मला योग्य वाटते. कापलेल्या फेऱ्यांचा वेळ त्यांनी कुठं घातला बघा. सगळाच्या सगळा बुटक्यांच्या घरात. गोष्टीत बुटके तिला दोनदा वाचवतात म्हणून आपले होतात. सिनेमात ते तिच्याबरोबर एक संध्याकाळ जगतात म्हणून आपले होतात. कथनाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत या. तोंडी सांगायच्या गोष्टीला तिहेरी आवर्तन शोभतं, पण पडद्यावर तीच वेषांतराची युक्ती तीनदा बघताना हिमगौरी बावळट वाटली असती.

त्या घरासाठी त्यांनी आणखीही बरंच केलं होतं आणि मग टाकून दिलं. बुटके सूप पितात असा एक पूर्ण प्रसंग ॲनिमेटर वॉर्ड किंबलनं कित्येक महिने खपून केला. हिमगौरीसाठी ते पलंग करतात असाही प्रसंग होता. दोन्ही कापले, कारण गोष्ट रेंगाळत होती. पेन्सिलमधला सूपचा प्रसंग आज बघायला मिळतो आणि तो खरोखर बहारदार आहे. किंबल फार खट्टू झाला. पुढे 'पिनोकिओ'त त्याला जिमिनी क्रिकेट हे पात्र मिळालं.

---

उत्तररात्र

सगळे इतकं भरभरून लिहीत आहेत, तरी माझं मत मांडते. मला हिमगौरी हे पात्र आवडत नाही. ती घर झाडते, स्वयंपाक करते, राजपुत्राची वाट बघत गाते आणि परक्या म्हातारीच्या हातचं सफरचंद खाते. राजपुत्र तर सुरुवातीला दोन मिनिटं आणि शेवटी दोन मिनिटं. त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. मुलींच्या कितीतरी पिढ्यांनी हे बघितलं. कारागिरी थोर आहे म्हणून आशयाला सूट द्यावी का?

---

शिसपेन्सिल

@उत्तररात्र, राजपुत्राबद्दल अगदी बरोबर, आणि त्याचं कारण कारागिरीतच आहे. त्याला जास्त प्रसंग द्यायचा विचार होता, पण सरळ उभा राहणारा तरुण देखणा पुरुष पटण्यासारखा काढता येईना, म्हणून त्याचं काम कमी कमी होत गेलं. बुटक्याचं नाक मोठं, पोट मोठं, रेघेला खेळायला जागा मिळते. राजपुत्राच्या सरळ नाकावर रेघ जरा सरकली की चेहरा मोडतो.

हिमगौरीचीही हीच अडचण होती. १९३४ मध्ये 'द गॉडेस ऑफ स्प्रिंग' नावाचा छोटा चित्रपट त्यांनी केला तो जवळजवळ सराव म्हणूनच. त्यातल्या मुलीचे हात रबरासारखे वळतात. मग डॉन ग्रॅहमनं ॲनिमेटरांसाठी चालवलेले चित्रकलेचे वर्ग, जिवंत मॉडेलवरून रेखाटनं आणि मार्जोरी बेल्चर या किशोरवयीन नर्तकीचं केलेलं चित्रीकरण, या सगळ्यातून हिमगौरी उभी राहिली. तिच्यावर हॅम लस्क आणि ग्रिम नॅटविक यांनी काम केलं. नॅटविक म्हणजे बेटी बूप हे कार्टूनपात्र घडवणारा माणूस. चित्रीकरणावरून हुबेहूब गिरवलं तर पात्र निर्जीव होतं हे त्यांना लवकर कळलं होतं, तरी काही ठिकाणी ते गिरवणं दिसतं. हिमगौरी बुटक्यांशेजारी उभी राहिली की दोघं वेगळ्या जगातली वाटतात.

---

सौदामिनी

@उत्तररात्र, तुझा राग मला समजतो. पण एक बघ. रानातून पळून आलेली ती मुलगी परक्या घरात सात पुरुषांसमोर जागी होते आणि काही वेळात तेच सात जण तिच्या सांगण्यावरून हात धुवायला बाहेर जातात. राहायला जागा दिलीत तर मी स्वयंपाक करीन असा ती सौदा करते. तिच्याकडे दुसरं काही नाहीच. मला ती दुबळी वाटत नाही, निराधार वाटते, आणि त्या अवस्थेत ती डोकं शांत ठेवते.

---

उत्तररात्र

निराधार मुलीला घरकामाच्या बदल्यात आसरा, हे मला अजूनही टोचतं. पण राणीबद्दल बोलायचं तर मी पूर्ण पैकी पूर्ण गुण देईन. थंड, ताठ, पापणीही जपून हलवणारी बाई आहे ती. चेटकीण व्हायच्या आधीच तिची जास्त भीती वाटते.

---

काळंअरण्य

राणीच्या बाबतीत सहमत. राणी काढली आर्ट बॅबिटनं आणि चेटकीण नॉर्म फर्ग्युसननं, जो तोवर प्लुटो कुत्र्यासाठी ओळखला जायचा. एकाच पात्राच्या दोन रूपांना दोन हात, पण आवाज मात्र एकाच नटीचा, लुसिल ला व्हर्नचा. चेटकिणीसाठी तिनं कवळी काढून ठेवली होती असं सांगतात.

हिमगौरीचा आवाज एड्रियाना कॅसेलॉटीचा. गंमत म्हणजे श्रेयनामावलीत आवाज देणाऱ्या एकाचंही नाव नाही. पात्रं खरी वाटावीत म्हणून आवाजामागची माणसं दडवली. मला हे अन्यायाचं वाटतं.

---

चंद्रकोर

दडवलेल्या माणसांचा विषय निघालाच आहे तर शाई आणि रंग विभागातल्या बायकांबद्दल लिहिलं पाहिजे. हा धागा त्यांच्याशिवाय पुरा होऊच शकत नाही.

ॲनिमेटरनं पेन्सिलीत काढलेलं प्रत्येक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर टाकानं गिरवायचं. तेही एका काळ्या शाईत नाही. गालाची रेघ वेगळ्या रंगाची, केसांची वेगळी, झग्याची वेगळी, म्हणजे कडा डोळ्यात भरत नाहीत. मग सेल उलटा करून मागच्या बाजूनं रंग भरायचे. हातात सुती मोजे, कारण बोटाचा ठसा कॅमेऱ्यात दिसतो. रंगही स्टुडिओतच तयार व्हायचे. हिमगौरीच्या गालांवरची लाली आठवते? ती रेघेत बांधलेली नाही, कडेनं विरत जाते. ती या बायकांनी सेलांवर हातानं, एकेक करून, लावली. पुढच्या सेलवर ती त्याच जागी त्याच आकारात यायला हवी, नाहीतर पडद्यावर गाल लुकलुकणार! हे काम करणाऱ्या हातांना चित्रकाराचे हात म्हणायचं नाही, तर कुणाच्या हातांना म्हणायचं?

आणि याच स्टुडिओनं १९३८ मध्ये प्रशिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला पत्र पाठवलं की कार्टूनच्या तयारीतलं सर्जनशील काम स्त्रिया करत नाहीत, ते पूर्णपणे तरुण पुरुष करतात. ते पत्र आज सगळीकडे छापलेलं सापडतं. मुलींना प्रवेश मिळे तो शाई आणि रंगापुरता.

तरी दोन नावं श्रेयनामावलीत आहेत ती लक्षात ठेवूया. कथेत डोरोथी ॲन ब्लँक आणि कलादिग्दर्शनात हेझल सेवेल, जी शाई-रंग विभाग चालवत होती. ॲनिमेटर म्हणून श्रेय मिळालेली तिथली पहिली बाई रेटा स्कॉट, ते 'बँबी'ला, १९४२ मध्ये.

---

निळीशाई

चंद्रकोर, हा प्रतिसाद मूळ लेखात हवा होता इतका मोलाचा आहे.

अजून एक गोष्ट. ते सेल पुष्कळदा धुऊन पुन्हा वापरले जायचे. जे उरले त्यातले काही १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीनं कलाकृती म्हणून विकायला सुरुवात केली. म्हणजे या बायकांचं काम भिंतीवर चौकटीत लागलं, खाली त्यांचं नाव नसताना.

---

पामवृक्ष

धागा लॉस एंजेलिसहून वाचतोय. इथं राहणाऱ्यांसाठी माहिती: हिमगौरी जिथं तयार झाली तो हायपेरियन ॲव्हेन्यूवरचा स्टुडिओ आता नाही, त्या जागी सुपरमार्केट आहे. मी तिथून भाजी घेतो. कार्थे सर्कल थिएटरही १९६९ मध्ये पाडलं. इतक्या मोठ्या कामाची मूळ जागा बघायला म्हणून काहीच शिल्लक नाही याचं फार वाईट वाटतं. बरबँकचा मोठा स्टुडिओ उभा राहिला तो याच चित्रपटाच्या कमाईवर. पहिल्या फेरीतच त्यानं सुमारे ८० लाख डॉलर मिळवले, आणि तेही मंदीच्या दशकात.

१९३९ च्या ऑस्कर सोहळ्यात बालनटी शर्ली टेंपलनं डिस्नेला ऑस्करची एक मोठी आणि सात छोट्या बाहुल्या दिल्या ते चित्रीकरण जरूर शोधून बघा.

---

पडघम

संगीताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गाणी फ्रँक चर्चिलची, शब्द लॅरी मोरीचे, पार्श्वसंगीतात ली हारलाइन आणि पॉल स्मिथ. यातलं एकही गाणं गोष्ट थांबवून येत नाही. विहिरीपाशी ती गाते तेव्हा प्रतिध्वनी तिला साथ करतो आणि त्या प्रतिध्वनीतच राजपुत्राचा आवाज मिसळतो. ओळख गाण्यातच होऊन जाते. बुटक्यांचं खाणीतलं गाणं आधी त्यांचं काम सांगतं, मग त्याच तालावर ते घरी चालत निघतात आणि चालण्यातून सात स्वभाव दिसतात.

मेणबत्त्यांच्या दृश्यात मात्र चर्चमधल्या प्रार्थनेसारखं गंभीर संगीत आहे. निळीशाईताईंनी म्हटलेली शांतता त्यामुळे पेलली जाते. आवाज बंद करून तेच दृश्य बघा, मग कळेल संगीतानं किती भार उचललाय. या गाण्यांच्या तबकड्या १९३८ मध्ये निघाल्या. चित्रपटाचा मूळ ध्वनिपट तबकड्यांवर विकायची सुरुवात त्यांच्यापासूनच झाली.

---

सौदामिनी

दाखवला! शिसपेन्सिल दादांचं ऐकून मांडीवर घेऊन. जंगलातल्या झाडांना तिनं माझा दंड घट्ट धरला, पण ते लाल-पिवळे डोळे शेवटी सशांचे आणि हरणांचे निघाले तेव्हा मोठ्यानं हसली आणि "ती उगाच घाबरली" म्हणाली. तिला डोपी आवडला. चेटकीण आली तेव्हा मात्र उठून पाणी प्यायला गेली आणि दारातून बघत राहिली.

ब्रिटनच्या सेन्सॉरनं त्या काळी या चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र दिलं होतं, म्हणजे मुलांना मोठ्या माणसाबरोबरच प्रवेश, असं आता वाचलं. मला ते चुकीचं वाटत नाही. ते जंगलाचं दृश्य खरंच भीतीच्या आतून काढलेलं आहे. हिमगौरीला जे दिसतंय ते आपल्याला दिसतं, जे आहे ते नंतर दिसतं.

---

निळीशाई

किती छान! आणि जंगलाचं तू म्हणतेस ते नेमकं आहे.

त्या जंगलाच्या मागे अल्बर्ट हर्टर आणि गुस्ताफ टेंग्रेन हे चित्रकार आहेत. एक जन्मानं स्विस, दुसरा स्वीडिश. दोघंही युरोपातल्या जुन्या परीकथांच्या चित्रांवर वाढलेले. झोपडीतल्या लाकडावरचं कोरीव काम, पायऱ्यांच्या टोकाला कोरलेले प्राणी, खुर्च्यांच्या पाठी, हे थांबवून बघण्यासारखं आहे. पार्श्वचित्रं जलरंगातली, मुद्दाम मंद, तपकिरी-हिरवी, म्हणजे पुढची पात्रं उठून दिसतात. काही दृश्यांत मल्टिप्लेन कॅमेरा आहे. काचेचे थर एकाखाली एक, प्रत्येकावर देखाव्याचा एकेक भाग, आणि वरून कॅमेरा. थर वेगवेगळ्या गतीनं सरकवले की चित्रात खोली येते. 'द ओल्ड मिल'मध्ये त्याच वर्षी त्यांनी तो आधी वापरून पाहिला होता.

१९९३ मध्ये या सबंध चित्रपटाची फिल्म स्कॅन करून संगणकावर साफ केली आणि पुन्हा फिल्मवर उतरवली. पूर्ण चित्रपटावर असं काम तोवर झालं नव्हतं. पण फार स्वच्छ प्रतीत जलरंगाचा कागदी स्वभाव हरवतो असं माझं मत आहे. फिल्मचे थोडे दाणे राहू द्यायला हवे होते.

---

चारचौघी_नको

वाचतेय, फार सुंदर चर्चा. एक शंका: हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट ना?

---

काळंअरण्य

नाही. लोटे रायनिगर या जर्मन बाईंचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आहमेद' १९२६ चा, काळ्या कागदाच्या कापलेल्या आकृत्यांचा. त्याहीआधी १९१७ मध्ये अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानीनं असा चित्रपट केला, त्याची प्रत आता उरलेली नाही. सेलवर रंगवलेल्या चित्रांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हटलं तर हिमगौरी. रायनिगरचा चित्रपट मिळाला तर जरूर बघा, त्यावर वेगळा धागा काढायला मला आवडेल.

---

पडघम

आपल्याकडेही त्याच दशकात प्रभातनं 'जंबूकाका' नावाचं कार्टून केलं होतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९१५ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज'मध्ये आगपेटीतल्या काड्या फ्रेम-फ्रेम करून हलवल्या.

---

शिसपेन्सिल

पडघम यांनी विषय काढलाच आहे तर डिस्ने आणि मुंबई यांचा एक खरा धागा सांगतो. १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेचे ॲनिमेटर शिकवायला आले. 'बँबी'वर काम केलेले. जन्म भारतातलाच, मिशनरी आईवडिलांचा मुलगा. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून ते इथं आले. त्यांच्या हाताखाली १९५७ मध्ये जातककथेवरचा 'द बन्यन डिअर' तयार झाला. तिथं शिकलेल्यांत राम मोहन होते. पुढे जपानच्या युगो साको यांच्याबरोबर 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा हातानं काढलेला चित्रपट करणारे तेच.

आम्ही ज्यांच्याकडे शिकलो ते त्या परंपरेतल्या लोकांकडे शिकलेले. वजन दाखव, आधी तयारी दाखव मग हालचाल, डोळा आधी वळतो मग डोकं, हे नियम हिमगौरी करता करता डिस्नेच्या मंडळींनी स्वतः शोधले होते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या ग्रंथात ते मांडले. मी काम केलेल्या एका स्टुडिओनं टूडी विभाग बंद केला तेव्हा लाइट बॉक्स भंगारात गेले. तो ग्रंथ मी उचलून घरी आणला. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

---

उत्तररात्र

शिसपेन्सिल, बिल टिट्लाबद्दल अजून सांगाल का? ग्रम्पीचा तो तुकडा मी तुमचं वाचून थांबवत थांबवत पाहिला. चेहरा विरघळतो तिथं माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चित्रपटाबद्दलचं माझं बाकीचं मत तसंच आहे.

---

शिसपेन्सिल

टिट्ला म्हणजे ताकद. ग्रम्पीनंतर त्यानं 'पिनोकिओ'तला स्ट्रॉम्बोली केला आणि 'फँटेशिया'त डोंगराएवढा सैतान चेर्नाबॉग. आणि लगेच 'डंबो'मध्ये हत्तीचं तान्हं पिल्लू! आईच्या पायांत घुटमळणारं, आंघोळ करताना खिदळणारं.

मग १९४१ चा संप झाला. हिमगौरीसाठी रात्रंदिवस राबलेल्या लोकांच्या मनात बोनस आणि पगारातल्या तफावतीची खदखद होती. 'पिनोकिओ' आणि 'फँटेशिया' चालले नाहीत, युरोपात युद्ध पेटल्यानं तिकडची कमाई थांबली, आणि नोकरकपातीची भीती पसरली. राणी काढणारा आर्ट बॅबिट संघटनेत पुढे होता, त्याला काढून टाकलं आणि २९ मे १९४१ ला कामगार फाटकाबाहेर उभे राहिले. टिट्ला त्यांच्याबरोबर होता. संप मिटला, तो कामावर परतला, पण १९४३ मध्ये त्यानं स्टुडिओ सोडला. नंतर दुसरीकडे कामं केली, पण ग्रम्पी किंवा डंबोच्या तोलाचं पात्र त्याला पुन्हा मिळालं नाही. १९६८ मध्ये तो गेला. एवढ्या उंचीच्या माणसाला त्या उंचीचं काम पुन्हा मिळू नये, हे मला आजही पचत नाही.

---

चंद्रकोर

संपात शाई-रंग विभागातल्या बायकाही होत्या, हे इथं नोंदवून ठेवते. सगळ्यात कमी पगार त्यांचा होता आणि संघटनेची सगळ्यात जास्त गरजही त्यांना होती.

---

सौदामिनी

मुलीनं आज सकाळपासून डोपीची चाल चालायला सुरुवात केलीय, बाबांचा शर्ट घालून. रविवारी तिला 'डंबो' दाखवते. शिसपेन्सिल दादा, आंघोळीचा प्रसंग आला की थांबवून तुमची सगळी वाक्यं तिला सांगणार आहे.